गावचं पॅनल आलं, आता इलेक्शन कन्सल्टंट होऊ का? कोकणात राहून जमतं का?

आधी प्रश्न थोडक्यात, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. मुलगा गुहागर तालुक्यातला, बीएमएस झालंय, ठाण्यात एका डिजिटल एजन्सीत नोकरी करतो. ग्रामपंचायतीला काकांच्या पॅनलची रील्स, ग्राफिक्स, व्हॉट्सॲप सगळं त्यानेच सांभाळलं आणि पॅनल आलं. आता एक माजी झेडपी सदस्य, ज्यांना २०२९ची विधानसभा लढायचीय, ते म्हणतायत माझं काम आत्तापासून बघ. तर नोकरी सोडू का, का आधी एखाद्या मोठ्या फर्ममध्ये जाऊ, डिग्री काय लागते, आणि यात पोट भरतं का, असं त्याने विचारलंय.

तुला तू म्हणते, राग मानू नकोस. मी चिपळुणातून काम करते. या लाईनीत आले ती डीटीपीच्या दुकानातून, पोलचिटा आणि पत्रकं छापता छापता. त्यामुळे माझं बोलणं थोडं कागदाच्या बाजूने झुकलेलं असणार, ते धरूनच वाच.

या धंद्यात शिरायचं कसं हे तू विचारतोयस, पण शिरणं सोप्पं आहे रे. लायसन्स लागत नाही, परीक्षा नाही, उद्या कार्ड छापलंस की झालास कन्सल्टंट. खरी अडचण पुढे येते. ज्याच्याकडून पैसे घ्यायचे त्याच माणसाला कधीतरी तोंडावर सांगावं लागतं की साहेब, या पट्ट्यात तुम्ही मागे आहात, ती सभा घेऊ नका, तो पैसा तिकडे घालवू नका. हे सांगता आलं तर तुझा उपयोग, नाहीतर त्यांच्या मागे-पुढे होय होय करणारी पन्नास माणसं आधीच आहेत आणि ती फुकट आहेत. आणि हे सांगायला दोन गोष्टी लागतात. एक, तुझ्याकडे त्यांच्यापेक्षा पक्की माहिती हवी. दुसरी, त्यांनी उद्या हाकललं तरी तुझ्या घरची चूल पेटायला हवी. बाकी सगळं याच्यात येतं.

आता पक्की माहिती म्हणजे काय, तर मतदार यादी. पुण्या-मुंबईकडची मुलं येतात आणि पहिल्या दिवशी विचारतात डॅशबोर्ड कुठाय. डॅशबोर्ड नंतर. आधी एका केंद्राची यादी प्रिंट काढ आणि ज्या बाईला वाडीतली प्रत्येक चूल माहितीय तिच्या पडवीत जाऊन बस. दापोलीकडच्या एका वाडीत आम्ही असेच बसलो होतो, बचत गटाच्या अध्यक्षा होत्या, चष्मा लावून एकेका नावावर बोट ठेवत सांगत होत्या. हा विरारला, हा नालासोपाऱ्याला, हिचं लग्न होऊन ती खेडला गेली पण नाव इथेच, हा करोनात गेला, हे दोघं भाऊ कुवेतला, हा गावाला येतो पण फक्त शिमग्याला. मग एका पानावर थांबल्या आणि म्हणाल्या, हितून पुढची वरची वाडी, त्यांचं नि आमचं पालखीवरनं चार वर्षं वाजलंय, ती जिकडं जातील त्याच्या उलटं खालची वाडी जाणार, तुमचा उमेदवार कोण का असेना. हे वाक्य कुठल्या सर्व्हेत येणार आहे सांग मला. आणि नेमकी दोन्ही वाड्यांत आपल्याच उमेदवाराची मोठी सभा एकाच दिवशी ठेवलेली होती, पहिली वरच्या वाडीत. ती आम्ही रद्द करायला लावली, दोन्हीकडे नुसत्या घरभेटी केल्या, वेगवेगळ्या दिवशी.

समज यादीत आठशे नावं आहेत. त्यातली मुंबई, सुरत, गल्फ, मयत, लग्न होऊन गेलेल्या अशी काढलीस की पाचशेच्या आसपास उरतात. म्हणजे तिथलं खरं मतदान पाचशेत होणार, आणि चाकरमान्यांची एक गाडी आली तर गणित फिरणार. उमेदवार मात्र आठशे धरून बसलेला असतो. कोकणातल्या कामाचा निम्मा भाग हाच आहे. घरं बंद, पण नावं चालू.

चाकरमान्यांचं आणखी सांगते, कारण इथे नवीन मुलं हमखास अडकतात. गावची मतं बऱ्याचदा गावात ठरत नाहीत, ती परळ, लालबाग, दिवा, नालासोपाऱ्यातल्या ग्रामस्थ मंडळाच्या मीटिंगमध्ये ठरतात. गणपतीत आणि शिमग्याला त्याचं बीज पडतं. २०२४च्या लोकसभेला आपल्याकडे ७ मे रोजी मतदान होतं, शाळांना सुट्ट्या, आंबे चालू, माणसं गावातच. तीच विधानसभा २० नोव्हेंबरला, दिवाळी होऊन गेलेली, परत यायला कोणाकडे रजा आहे? म्हणजे तारीख जाहीर झाली की पहिलं काम कॅलेंडर उघडायचं, भाषणं नंतर लिहायची. आणि हो, उमेदवार सांगेल मुंबईहून बसेस लावू. मतदाराला केंद्रावर फुकट नेण्या-आणण्यासाठी गाडी भाड्याने घेणं किंवा मिळवून देणं हे लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ मध्ये भ्रष्ट आचरणात येतं, निवडून आलेली सीट कोर्टात जाऊ शकते. मुंबईतही नाव आणि गावालाही नाव हे पण कायद्याने चालत नाही. तू सल्लागार आहेस तर हे तू सांगायचं, मग तो तोंड वाकडं करेल तर करू दे.

यादीच्या जोडीला फॉर्म २०. तुझ्या मतदारसंघाचा केंद्रनिहाय निकाल यात मिळतो, राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या साईटवर असतो, फुकट. गेल्या दोन विधानसभा आणि दोन लोकसभा घे आणि स्वतः एक्सेलमध्ये उतरव. कोणाला पैसे देऊन करून घेऊ नकोस, कारण टाईप करतानाच कळतं की अमुक केंद्रावर लोकसभेला एक पक्ष आणि विधानसभेला उमेदवार बघून मत पडतंय. फक्त एक सांभाळ, केंद्रांचे नंबर दर वेळी सरकतात, २०१९चं ११२ नंबर २०२४ला ११८ झालेलं असू शकतं, म्हणून नंबर जुळवू नको, शाळेचं नाव आणि यादी भागातल्या वाड्या जुळव. हे काम कंटाळवाणं आहे, पण रील बनवणारी पोरं गल्लोगल्ली मिळतात आणि हे करणारं कोणी मिळत नाही, यातच तुझी किंमत आहे.

तुझ्या काकांच्या पॅनलबद्दल. वाईट वाटून घेऊ नकोस, पण ग्रामपंचायतीत एका वॉर्डात मतं किती असतात, काहीशे. तिथे भावकी, कोणत्या वाडीला किती जागा सोडल्या, आणि मुंबई मंडळाने कोणाला हो म्हटलं, यावर निकाल लागतो. तुझ्या रील्सने वातावरण झालं असेल, झालंच असेल, पण पॅनल त्यामुळेच आलं असं धरून तू विधानसभेला गेलास तर पहिल्याच आठवड्यात गडबडशील. एक कर, प्रत्येक वॉर्डाचं मतदान घेऊन बस आणि बघ की जिथे तुझा प्रचार जास्त पोचला तिथे फरक खरंच जास्त आहे का. उत्तर काय येईल ते मला माहीत नाही. पण ज्याला स्वतःचं यश असं तपासता येतं तो या कामाला लायक, असं मी मानते.

सर्व्हेबद्दल लोक फार विचारतात म्हणून थोडं. आपला कोकणी माणूस अनोळख्याला मत सांगत नाही. 'बघू', 'गाव ठरवील तसं', 'सगळे आपलेच' ही तीन उत्तरं तुला दिवसभर मिळतील. म्हणून कोणाला मत देणार असं थेट विचारण्यात अर्थ नसतो, वाडीत जोर कोणाचा दिसतो, मुंबईवाले काय म्हणतायत, मागच्या आमदाराने कुठलं काम केलं ते एक सांगा, असं फिरवून विचारावं लागतं. सॅम्पल गावावर काढायचं नाही, वाडीवर काढायचं. देऊळवाडी, बौद्धवाडी, मोहल्ला, भंडारवाडी, खारवीवाडा, प्रत्येकाचं वेगळं. बाजारात उभा राहिलास तर पुरुष मिळतात, दुपारी घरी गेलास तर बायका, आणि फोनवर केलास तर फोन लागतो डोंबिवलीला.

आणि बायका. २०११च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या, कारण पुरुष नोकरीला बाहेर. असं असून प्रचाराची सगळी भाषा पुरुषांची असते, हायवे, प्रकल्प, कोणी कोणाला गद्दार म्हटलं. कुडाळकडे एका आजीने आमच्या मुलीला दारातच विचारलं होतं, "मत देतंव गो, पण पाणी खंय आसा ता सांग." तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि एप्रिलमध्ये टँकर, हे तिला रोज दिसतंय. उमेदवाराला त्या आठवड्यात मुंबई-गोवा हायवेवर आक्रमक भाषण करायचं होतं. ते करायचं तर करा म्हटलं, पण मुंबई मंडळाच्या मेळाव्यात करा, तिथे लोक दर गणपतीला त्या रस्त्यावर अडकतात. गावात पाण्यावर बोला.

बंदरपट्ट्यात तर शब्द तोलूनच वापरावे लागतात. एका उमेदवाराने 'मच्छीमारांच्या पाठीशी खंबीर' असा बॅनर छापायला दिला, तोच मजकूर सगळ्या बंदरांत. मी विचारलं कुठल्या मच्छीमारांच्या? पर्ससीनवाले, म्हणजे मोठ्या घेराच्या जाळ्याच्या यांत्रिक बोटीवाले, आणि रापण-गिलनेटवाले, म्हणजे पारंपरिक जाळ्यांनी मासे पकडणारे, एकाच जेटीवर उभे असतात आणि एकाला दिलेला शब्द दुसऱ्याच्या पोटावर येतो. एलईडी दिव्यांनी मासे ओढून मासेमारी करणाऱ्यांवर कारवाई, हे बोललं की निम्मी जेटी खूश आणि निम्मी तुमच्या विरोधात. ते म्हणाले मग दोघांनाही आवडेल असं काहीतरी लिही. मी नाही लिहिलं. त्यांना बसवून विचारलं, तुमची मतं कुठे आहेत आणि तुम्हाला स्वतःला काय पटतं ते आधी ठरवा, मग मजकूर दहा मिनिटांत होतो. ठरवायला त्यांना बराच वेळ लागला आणि तोवर बॅनर थांबले, कार्यकर्ते माझ्यावर चिडले. ते चालतं.

लहान गोष्टीने सीट जाते हे कोणाला पटत नसेल तर २०१४चा रायगड लोकसभेचा निकाल काढून बघा. अनंत गीते २११० मतांनी आले, समोर सुनील तटकरे, आणि सुनील तटकरे याच नावाचा एक अपक्ष नऊ हजारांच्या वर मतं घेऊन गेला. नावामुळे सगळी मतं चुकून गेली असं कोणी सिद्ध करू शकत नाही, पण माघारीची मुदत संपल्यावर उमेदवारांची यादी वाचून, नामसाधर्म्य बघून, अनुक्रमांक आणि चिन्ह लोकांच्या डोक्यात बसवणं हे कोणाचं तरी काम असतं, आणि ते 'कोणाचं तरी' म्हणजे तू. असे घोळ कमी व्हावेत म्हणून २०१५पासून मतपत्रिकेवर उमेदवाराचा फोटो आला, तरी नावाचं काम संपलेलं नाही.

आता पोटापाण्याचं. इथे मी कडक बोलणार आहे. या धंद्यात उत्पन्न निवडणुकीला येतं आणि निवडणूक तुझ्या हातात नसते. आपल्या झेडपीची मुदत २०२२ला संपली, पुढे ओबीसी आरक्षण आणि गट-गणांच्या (झेडपी आणि पंचायत समितीच्या मतदारसंघांच्या) रचनेचा वाद कोर्टात, वर्षानुवर्षं प्रशासक, सुप्रीम कोर्टाने मे २०२५मध्ये आदेश दिला तेव्हा कुठे गाडी हलली. त्या काळात 'यंदा लागणार, यंदा लागणार' म्हणून ऑफिस भाड्याने घेऊन बसलेली मुलं मी बघितलीत, त्यातला एक आता होमस्टे चालवतो आणि बरा चालवतो. ज्याचं घर उमेदवाराच्या चेकवर चालतं तो उमेदवाराला वाईट बातमी देत नाही, उशिरा देतो किंवा गोड करून देतो. म्हणून माझं छपाईचं आणि ट्रेनिंगचं काम मी कधी बंद केलं नाही. तुझी नोकरीही सोडू नकोस, निदान आत्ता तरी. घरी शेती-बागायत असेल, आईवडील तुझ्यावर अवलंबून नसतील, तर तुझं गणित वेगळं, ते तूच बघायचं.

फी घेताना मी तीन हप्ते ठेवते. पहिला काम सुरू करायच्या आधी, दुसरा चिन्ह वाटपाच्या दिवशी, तिसरा मतदानाच्या आधी. निकालानंतरचा हप्ता कबूल करायचाच नाही, हरलेला फोन उचलत नाही आणि जिंकलेला मिरवणुकीत असतो. 'आलो तर डबल देतो' असं कोणी म्हटलं तर हसून विषय बदल. पैसे चेकने किंवा ऑनलाईन. तो कॅश देतो म्हणेल, पण निवडणूक खर्चात एका माणसाला दहा हजारांच्या वर रोख देता येत नाही. खर्चाची मर्यादा विधानसभेला ४० लाख, लोकसभेला ९५ लाख, आणि उमेदवारी अर्ज भरल्यापासून निकालापर्यंतची तुझी फीसुद्धा त्यातच धरायची. निकालानंतर ३० दिवसांत हिशोब द्यावा लागतो, न दिल्यास तीन वर्षं अपात्र ठरवू शकतात. त्यामुळे एक चांगला अकाउंटंट तुझ्या टीममध्ये पहिल्या दिवसापासून पाहिजे, ग्राफिक्सवाल्याच्याही आधी.

छपाईवाली म्हणून हे पण सांगतेच, पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता नसेल तर त्याच लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२७ए लागतं. टीव्ही, सोशल मीडियाची जाहिरात, बल्क एसएमएस, व्हॉइस कॉल यांना आधी एमसीएमसीची, म्हणजे निवडणूक आयोगाच्या जाहिराती तपासणाऱ्या समितीची, मंजुरी. मतदान संपायच्या आधीचे ४८ तास प्रचार बंद. आणि कोणी तुला 'सगळ्या मतदारसंघाचे नंबर आहेत, घेतोस का' म्हणून पेनड्राईव्ह दाखवला तर लांब राहा. २०२३चा वैयक्तिक डेटाचा कायदा आहेच, पण त्याआधी ते नंबर निम्मे बंद असतात हो.

मोठ्या फर्मचं विचारलंस. जावं, वर्षभर तरी. रणनीतीकार प्रशांत किशोर यांनी २०१४च्या आधीपासून प्रचार आखण्याचं जे काम सुरू केलं, आणि मग त्यांची आय-पॅक ही फर्म, त्यानंतर या कामाला पगारी नोकरीचं रूप आलं. २०२४ला अजित पवारांची गुलाबी जॅकेटं आणि गुलाबी गाड्या बघितल्यास ना, ते डिझाईनबॉक्स्ड या फर्मचं काम. अशा ठिकाणी तू रोजचा रिपोर्ट लिहायला, सॅम्पल काढायला, आणि रात्री दोनला आलेल्या मेसेजवर डोकं शांत ठेवायला शिकतोस. पण काँट्रॅक्ट बहुतेक मोहिमेपुरतं असतं, पोस्टिंग कुठल्याही राज्यात, आणि तिथे तू मोठ्या यंत्राचा एक भाग असतोस, उमेदवाराच्या समोर बसून 'हे नको' म्हणायची वेळ तुझ्यावर येत नाही. ती सवय छोट्या कामातच लागते. तसं सल्ला देणं आणि मतं मागणं यातही फरक आहेच, खुद्द किशोर यांच्या जनसुराज पक्षाला २०२५च्या बिहार निवडणुकीत एकही जागा मिळाली नाही.

डिग्री? बीएमएस पुरे. संख्याशास्त्राचा एखादा बेसिक कोर्स कर, एक्सेल नीट शिक, जमलं तर मालवणी आणि संगमेश्वरी ऐकून कळायला लागू दे. राज्यशास्त्राचं एमए केलंस तर चांगलंच, पण त्याने क्लायंट मिळत नाही. आणि जुन्या लोकांकडे बस जरा. नाथ पै, मधु दंडवते राजापूरमधून निवडून यायचे तेव्हाचे कार्यकर्ते अजून काही ठिकाणी आहेत. दंडवते १९७१पासून पाच वेळा इथून लोकसभेवर गेले, कुठला कन्सल्टंट होता तेव्हा? पायी फिरून, वस्तीला राहून ती माणसं काय बघायची ते ऐकण्यासारखं असतं. त्यातलं निम्मं आजही लागू पडतं, निम्मं नाही.

आता तुझे ते माजी सदस्य. २०२९ म्हणजे लांब आहे, आणि तिकीट मिळेल की नाही, युतीत जागा कोणाकडे जाईल, हे त्यांनाही माहीत नसणार. त्यामुळे 'कन्सल्टंट' म्हणून वर्षानुवर्षं बांधून घेऊ नकोस. त्यांना सांग की मी तीन महिन्यांचं एक ठरावीक काम करतो, तुमच्या जुन्या झेडपी गटातल्या प्रत्येक केंद्राचं गणित मांडून देतो, त्याची एवढी फी, अर्धी आधी. शनिवार-रविवार ठाण्याहून येऊन होण्यासारखं आहे. फीचं नाव काढल्यावर ते 'अरे आपल्या घरचाच तू' म्हणाले तर समजून जा. दिली, तर काम झाल्यावर जिथे ते मागे आहेत ती केंद्रं पहिल्या पानावर ठेव आणि समोर बसून वाचून दाखव. ते ऐकून घेतात का, चिडतात का, का विषय बदलून चहा मागवतात, यावरून पुढे त्यांच्याबरोबर राहायचं का ते ठरव. काकांनी पुढच्या वेळी परत बोलावलं तर त्यांच्याकडूनही फी घे, थोडी घे पण घे, नाहीतर उद्या तालुक्यात तू फुकट काम करणारा पुतण्या म्हणूनच ओळखला जाशील.

फॉर्म २० उतरवताना जुन्या-नव्या केंद्रांची जुळवणी अडली तर मतदारसंघ आणि शाळेचं नाव लिहून विचार, खेड ते राजापूरपर्यंतची बहुतेक मला पाठ आहेत.